एका बहिणीसाठी प्रार्थना

पडद्यावर उमराव बनून आलेल्या वेटरची खोटी मिशी सुपात पडली आणि मिनेसोटातल्या त्या लूथरन चर्चच्या तळघरात चाळीस माणसं एकदम हसली. आर्डिस हसली नाही. ती माणसं मोजत होती. तिच्या वर्गाला नऊच्या वर कधी कोणी आलं नव्हतं.

रविवारच्या उपासनेनंतरचा हा वर्ग आर्डिसने एकोणीस वर्षं चालवला होता. यंदा पास्टरांनी तो लव्हॉनकडे दिला. लव्हॉन जुने विनोदी सिनेमे लावायची, त्यातून ख्रिस्ताची शिकवण काढायची, आणि आता खुर्च्या पुरत नव्हत्या.

दिवे लागले. "मिशी होती तोवर त्या मुलीचं प्रेम मिशीवर होतं," लव्हॉन म्हणाली. "ती पडली तेव्हा तिला माणूस दिसला. देव आपल्याला बिनमिशीचंच ओळखतो."

"मग माझी उद्याच काढतो," म्हातारा ऑर्व्हिल मिशीवर हात फिरवत म्हणाला. पुन्हा हशा.

आर्डिस चिडली. असलं बोलणं कोणाला आपोआप सुचत नाही. हिने कुठून तरी उतरवलंय. पुरावा नव्हता, पण खात्री होती.

शेवटी नेहमीसारखे सगळे हात धरून गोल उभे राहिले. कोणासाठी प्रार्थना करायची ते सांगायची ही वेळ. आर्डिसने घसा साफ केला.

"आपल्यातल्याच एका बहिणीसाठी. ती दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून सांगते. ते कबूल करायचं धैर्य देव तिला देवो."

त्या गोलात 'एक बहीण' म्हणजे सांगणारी स्वतःच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑर्व्हिलचं दारूचं दुखणंही आधी 'एका भावाचं' म्हणूनच इथे आलं होतं. रागाच्या भरात आर्डिस नेमकं तेवढंच विसरली.

लव्हॉनने तिला जवळ घेतलं. तिचे डोळे भरले होते. "धीराची गं बाई तू."

'मी तुझ्याबद्दल बोलतेय', एवढंच आर्डिसला म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही. पण चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि मायेने बघत होती. कोणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. आर्डिसने मान खाली घातली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पहिल्याच वर्षी," ऑर्व्हिल म्हणाला. "तू ज्यातून उतरवायचीस ते पुस्तक आम्हा नऊ जणांच्याही घरी होतं. आम्ही तुझ्यासाठी यायचो, आर्डिस."