वरवंटा

व्यंकटरावांनी भंगार जमवून अंगणात मोटार बांधायला घेतली, तेव्हापासून केवळाबाईंचा वरवंटा पाट्यावर कमी आणि चाकाखालीच जास्त असायचा. इतक्या वर्षांनी आज ब्रेक बसवून झाला होता. उदगीरच्या किल्ल्याकडच्या उतारावर त्याची परीक्षा होती. “न्हाई लागला तर वरवंटा टाक चाकाखाली,” त्यांनी बजावलं. केवळाबाई तो उराशी धरून उताराच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. पाठीमागच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर धावत होते. मोटार सुटली ती सुसाटच आली. “टाक गं, टाक!” व्यंकटराव ओरडले. मोटारीला अजून दारं नव्हती; त्यांनी पाय पोटाशी घेतलेले दिसले. “न्हाई टाकत! ब्रेक दाबा आधी!” केवळाबाई गरजल्या. करकचून ब्रेक लागला. मोटार रस्त्याच्या हातभर अलीकडे थांबली. व्यंकटराव घामानं निथळत होते. “लाव आता वरवंटा,” ते पुटपुटले. त्या घराकडे वळल्या. “आज ठेचा वाटायचाय!”