डाव्या हाताने पन्नास गोळ्या

शनिवार, १६ मार्च २०१९, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. टेक्सासमधील लबक शहराबाहेरच्या माझ्या नेमबाजी केंद्रात, अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याची चाचणी देण्यासाठी अकरा उमेदवार उभे होते. त्यांपैकी वर्ना हॅस्केल हिचा उजवा अंगठा प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यावर बोटांचे निळे वळ होते. तिने पिस्तूल डाव्या हातात धरले.

“बाई, आधी हाड जुळू द्या, मग या,” मी म्हणालो.

“तोवर मी उरणार नाही, सर,” ती पुटपुटली. “परवा अंगठा मोडताना तो म्हणाला, पुढच्या खेपेला मान.”

“आत्ता कुठे आहे तो?”

ती उत्तर देण्याआधीच शेजारच्या कप्प्यातला उमेदवार हसत ओरडला, “अगं वर्ना, सरांचं डोकं किती खाशील? कोपर ताठ ठेव! घरी एवढं शिकवतो, सर, तरी माझ्यासमोर हिचा हात थरथरतोच!”

प्रत्येकाने पन्नास गोळ्या झाडल्या. उत्तीर्ण होण्यासाठी अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण लागतात. वर्नाला एकशे अडुसष्ट मिळाले, तिच्या नवऱ्याला दोनशे सत्तेचाळीस.