पोट का गं?

पिशवीत कायम एक जास्तीची पँट. बसमध्ये दाराजवळचीच जागा. मशीनवर अर्धवट शिवलेला कोट, बाहीत सुई तशीच. भर दुपारीही ओढलेला पडदा.

शिवणकाम करणारी मुलगी सकाळी उठली नाही की आई दारातून विचारायची, "पोट का गं?" ती उशीत तोंड खुपसून म्हणायची, "पोट." मग कोणी काही बोलत नसे. तिच्या आतड्यांच्या जुन्या दुखण्याला घर सरावलं होतं. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईचा पत्ता, मुक्काम पोस्ट संडास." तीही हसायची. रडून डोळे सुजले, तरी पोट. गिऱ्हाईक परत गेलं, तरी पोट. जगून काय करायचं असं वाटलं, तरी पोटच.

आज डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून सांगितलं, "आतडी स्वच्छ आहेत. सूज नाही, जखम नाही." घरी येताच आईने पडदा सारला, मशीनमध्ये नवा दोरा ओवून दिला.

"सुटलीस बाई एकदाची. ऊठ, कोट पुरा कर."

ती उठली नाही.

"आता काय झालं?"

ती बराच वेळ दुसरा शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "पोट."

"नाटकं पुरेत," आई म्हणाली.

अगदी पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "मन कसं असतं? उदास वाटतं का?" उत्तर आईने दिलं होतं, "छे हो, आमची पोर हसरी आहे."