एका मात्रेची चूक

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

छापखान्यातल्या बाईंनी नव्या घराच्या दाराला कुलूप लावलं आणि सवयीने म्हटलं, "येते."

"ये गं. सावकाश," आतून कुणीतरी म्हणालं.

किल्ली कुलपातच राहिली. बाई एकट्या राहत होत्या. आवाज म्हातारीचा होता, ओले हात पदराला पुसत बोलावं तसा. त्यांनी पुन्हा दार उघडून पाहिलं. एक हॉल, एक खोली. लपायला जागा होती कुठे? कंत्राटदाराने घर आतून पार सोलून काढलं होतं. स्वयंपाकघराची भिंत पाडली, जुन्या लाद्या उखडल्या, ओटा बदलला. रंगाचा वास अजून गेला नव्हता. जुन्यातली उरली होती ती फक्त दाराची चौकट.

बाई मुद्रितं तपासत. दुसऱ्यांचे काना-मात्रा नीट करता करता केस पांढरे झाले होते. आधी त्या भावाकडे राहत. तिथेही रोज निघताना "येते" म्हणत. भाऊ पेपरात, भावजय टीव्हीत. उत्तर द्यावं असं त्या घरात कुणाच्या मनातही येत नसे, भिंतीला सांगितल्यासारखंच. म्हणून तर सगळी पुंजी घालून स्वतःच्या नावावर हे घर घेतलं. आणि इथे भिंतच बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या चोरासारख्या निघाल्या, हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी दार उघडलं, तर आतल्या अंधारातून आवाज आला, "आज न सांगता गेलीस?"

आवाजात राग नव्हता. वाट बघून दमलेला होता तो. त्यानेच बाईंच्या अंगावर काटा आला.

सोसायटीचे सेक्रेटरी वरच्याच मजल्यावर राहत. म्हातारे गृहस्थ, तोंडाने फटकळ. सगळं ऐकून म्हणाले, "भुताला सभासद करून घ्यायचं तर कमिटीची मंजुरी लागेल, बाई."

"काका, चेष्टा नको. मी घर विकतेय."

तेव्हा कुठे त्यांनी चेष्टा सोडली. "आजी राहायच्या तिथे," मग म्हणाले. "तरुणपणी एकदा नवऱ्याशी भांडण झालं. तो दारातून 'येतो' म्हणाला, ह्या रुसून बोलल्या नाहीत. तो काही परत आला नाही. रस्त्यातच गेला, अपघातात. तेव्हापासून या जिन्यावरचं कुणाचंच 'येतो' त्यांनी रिकामं जाऊ दिलं नाही. सगळी बिल्डिंग त्यांना सांगून निघायची. पोस्टमनपासून माझ्या बापापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे. 'ये रे, सावकाश.' झालं, माणूस निघाला कामाला."

"आणि आता?"

"आता काय? आता मुकाट उतरतो सगळे."

"तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"माझे कान गेलेत," सेक्रेटरी म्हणाले आणि उगीच चष्मा पुसत बसले.

घर विकेपर्यंत भावाकडेच परत जायचं ठरलं. निघायच्या सकाळी खोकी बांधून झाली. बाई चपला घालून दाराच्या आत उभ्या होत्या. आता घराला काय म्हणायचं? "येते" म्हणवेना. आणि आपल्या भाषेत जिवंत माणूस घराला "जाते" म्हणत नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जड, थांबत थांबत उतरणारी. सेक्रेटरींचीच. आज त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं. मुलगा खाली गाडी घेऊन उभा होता. पावलं बाईंच्या दाराशी थांबली. मग बंद दाराला अगदी लागून, शाळेत निघालेल्या पोराच्या सुरात, हळूच:

"येतो, आजी."

बाईंनी श्वास रोखून घराकडे पाहिलं. ज्या आवाजाला भिऊन त्या निघाल्या होत्या, त्याच आवाजासाठी त्यांनी देवाला हात जोडले. बोल गं बाई, एवढ्या वेळी बोल. नव्या लाद्या गप्प. नव्या भिंती गप्प. कीर्तनकाराने पद अर्ध्यावर सोडावं आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीच ते उचलू नये, तशी शांतता. बाहेरचा माणूस हलत नव्हता.

"ये रे," बाई म्हणाल्या. "सावकाश."

हा आवाज त्यांच्याच गळ्यातून आला होता. चूक लगेच ध्यानात आली. बापाच्या वयाच्या माणसाला 'या' म्हणायला हवं होतं. कान्याच्या जागी मात्रा पडली होती. जन्मभर जगाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ही एक तशीच राहू दिली.

बाहेर कुणीतरी नाक ओढलं. "हो," एवढंच म्हणालं. पावलं पुन्हा उतरू लागली. आता ती थांबत नव्हती.

सेक्रेटरी परत आले का, असं विचाराल. आले. दाराशी उभं राहून "आलो" म्हणाले, तोवर बाईंनी खोकी केव्हाच सोडली होती. म्हातारी मात्र त्या घरात पुन्हा कधी बोलली नाही. तिच्या जागी माणूस मिळालं, तेव्हा देवानेच तिला मोकळं केलं असेल.

तर मायबाप हो, उद्या घरातलं कुणी दारातून "येतो" म्हणालं, तर हातातलं काम तसंच ठेवा आणि "ये" म्हणा. आणि म्हणताना, रुसून एकदाच गप्प राहिलेल्या त्या आजीची आठवण ठेवा.