शनिवारची मेल

मनिलातल्या शवागाराबाहेर दोघांच्या सॅक पायाशी ठेवून शाल्मलीनं नगरला सासूबाईंना फोन लावला. परवा बेटावर पोहायला उतरलेला निनाद, तिचा नवरा, कोळ्यांच्या जाळ्यातूनच वर आला होता.

"आई..."

"अगं, गाड्यांचा केवढा गलका! शहरात पोचलात वाटतं? आत्ताच निनादची मेल वाचली. पोटभर जेवला म्हणे. दे की त्याला जरा."

आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून निघण्याआधीच त्यानं पंधरा दिवसांच्या मेल लिहून, तारीख-वेळ लावून ठेवल्या होत्या. बेटांवर रेंज नसली तरी रोज दुपारी एक आपोआप जायची. मजकूर शाल्मलीनं हसत हसत सुचवले होते. पासवर्ड मात्र एकट्या निनादला ठाऊक होता.

"झोपलाय तो," ती कशीबशी म्हणाली.

"झोपू दे मग. दमला असेल फिरून."

शवपेटी गुरुवारी घरी पोचणार होती. शुक्रवारी दुपारीही मेल जाणार होती. आणि शनिवारची, शेवटची, तिनंच त्याला सांगितली होती: "आई, उद्या पोचतोय. हुलग्याचे शेंगोळे करून ठेव."