स्वयंभू

रस्ता रुंदीकरणात दारासमोरचा कडुनिंब जाणार म्हटल्यावर गंगापूर रोडच्या स्नेहलने पर्यावरणाच्या जनसुनावणीत तावातावाने हरकत घेतली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग ती पेटलीच. गोदाकाठचा एक गोटा आणून, शेंदूर फासून तिने तो गुपचूप बुंध्याशी ठेवला. महिन्याभरात त्याचा स्वयंभू म्हसोबा झाला. नारळ फुटू लागले, दर रविवारी आरती होऊ लागली आणि झाडाला हात लावायची कुणाची छाती होईना.

आज रस्त्याचे इंजिनिअर साहेब आधी म्हसोबाच्या पाया पडले, मग नवा नकाशा घेऊन तिच्या दारात आले.

“मॅडम, वाचलं बघा तुमचं झाड! देवाला कोण हलवणार? रस्ताच तेवढा अलीकडे घेतलाय.”

नकाशावरची लाल रेघ थेट स्नेहलच्या स्वयंपाकघरातून गेली होती.

“अहो साहेब, तो देव नाहीये, तो दगड तर मी...” ती सांगणारच होती, तोच मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी झाडाकडे बघत पदर पसरला.



“म्हसोबाराया, एवढं घर वाचव रे बाबा! चांदीचे डोळे बसवीन तुला!”