डावा खुबा गप्प झाला

“वजन उचलता का काही?” सर्जनने विचारलं.

“कात्री,” मास्तर म्हणाले. “आणि वयाचं ओझं.”

सर्जन हसला नाही. त्याने मास्तरांच्या डाव्या खुब्याचा एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला. गेल्या वर्षी त्यानेच त्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवली होती. मास्तर पेशाने शिंपी. गिऱ्हाइकांना सांगत, “जन्मभर मी लोकांना कपडे घातले, आणि डॉक्टरांनी मला टोपी घातली.” टोपी मात्र झकास बसली होती. आता उजव्या खुब्याची पाळी होती आणि नेमका हा शहाणा डावा कुरकुरायला लागला होता. आतून गरम वाटायचं, उठताना खट् व्हायचं, मध्येच कुणी दोरा ओढून गाठ मारावी तशी कळ यायची.

“फोटोत काही दिसत नाही,” सर्जन म्हणाला. “पण हा दुखतोय तोवर मी उजव्याला हात लावणार नाही. याच्यावरचा भार कमी करा, तो आपोआप गप्प बसेल.” मग त्याने शेजारच्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. “यांना कोण उचलतं?”

“बाई येते,” मास्तरांनी ठोकून दिलं.

खुर्चीत त्यांची बायको बसली होती. तिने मान खाली घातली आणि शालीची दशी बोटाला गुंडाळली. बाई कुठली न् काय कुठलं. कमरेखाली तिचं अंग लुळं पडल्यापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात तिला मास्तरच उचलत होते.

लेक दुसऱ्या गावी असायची. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “बाबा, उजवा पाय कधी दगा देईल नेम नाही. आईला घेऊन पडलात म्हणजे? ऑपरेशन होणार असेल तर मी रजा काढून येते. नाही तर आईला संस्थेत ठेवायचं. चांगली आहे ती संस्था.” तिचंही चूक नव्हतं. पण संस्थेचं नाव निघालं की मास्तर फोन ठेवून द्यायचे. दुकानाच्या मागच्या या दोन खोल्यांत तिच्याशिवाय एकट्याने करायचं काय?

त्या संध्याकाळी तिने विचारलं, “मी फार जड आहे ना हो?”

“छे गं! कापसाची गादी आहेस,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “भिजलेली.”

ती खळखळून हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिला जरा वेळच लागला.

पुढच्या काही आठवड्यांत नवल घडलं. आधी ते खट् थांबलं. मग आतली गरमी गेली. एका सकाळी मास्तरांनी तिला उचललं, खुर्चीत ठेवलं आणि कळ येण्याची वाट पाहत तसेच वाकून उभे राहिले. कळ आलीच नाही.

“अगं, दुखलंच नाही!”

“हल्ली मीही हातांनी जोर लावते की,” ती म्हणाली.

“तरीच! आणि धातूही मुरला असणार.” मास्तर खोलीभर चालून आले. त्यांना तो खुबा उसना वाटेनासा झाला होता.

तिचंही बस्तान छान बसलं होतं. थंडी वाजते म्हणून स्वेटरवर स्वेटर घालून, वर शाल घेऊन ती दिवसभर खिडकीशी बसायची. दुकानाची काजं-बटणं जन्मभर तिनेच केली होती, सुई अजून हातातून सुटत नव्हती. जेवणही तिला तिथेच लागायचं, उजेडात. मास्तरांच्या हातचा स्वयंपाक म्हणजे देवाचं नाव घेऊन गिळायचा प्रकार, पण तिचं ताट लख्ख परत यायचं. अंग पुसायला मात्र ती दार लावून घ्यायची. “एवढी तरी लाज राहू द्या माझी,” म्हणायची.

खिडकीच्या कट्ट्यावर एक भटका बोका ठाण मांडून असायचा. “हा बघ, शेठ झालाय नुसता,” मास्तर म्हणायचे. “कुणाच्या जिवावर चाललंय कोण जाणे.”

सर्जनने डावा खुबा दाबून, वळवून पाहिला आणि ऑपरेशनची तारीख दिली. मास्तरांनी तिथेच उठून एक गिरकी मारून दाखवली. या खेपेला सर्जनही हसला.

आदल्या दिवशी लेक आली. आईजवळ बसून तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “किती थकलीस गं.”

“काळजीने,” मास्तर म्हणाले. “तब्येतीला काही झालेलं नाही. माणसाचं तोंड खोटं बोलेल, कपडा नाही बोलायचा. स्वेटरच्या आतला तो गाऊन मी शिवलाय, रोज सकाळी बघतो ना कसा बसतो ते. होता तसा मापात.” उभा जन्म त्यांनी माणसं अशीच पाहिली होती. कोण सुटलं, कोण वाळलं, ते खांद्याच्या आणि बगलेच्या शिवणीवरून कळायचं. चेहरा पाहायची गरज पडली नव्हती.

लेक सामान आणायला बाहेर गेली. मास्तर दवाखान्याची पिशवी भरू लागले. दोरीवर तिचा दुसरा गाऊन वाळत होता, त्याचं बटण लोंबत होतं. जाण्याआधी तेवढं लावून द्यावं म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवला आणि गाऊन उलटा केला.

बगलेखाली त्यांची स्वतःची शिवण होती, मशीनची. तिच्या आत हाताची एक शिवण होती. तिच्या आत आणखी एक. मग आणखी एक. दर वेळी बोटभर आत. बारीक, सरळ टाके, तिच्या हातचे. दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं कापड त्यांनी टेबलावर पसरलं. त्यात एका लहान मुलीचा झगा सहज निघाला असता.

दारातून दिसणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर बोका तिचं ताट चाटत होता.

“अहो,” तिने आतून हाक मारली, “उद्यापासून लेक आहेच. आज तुम्हीच उचला मला. नाही दुखायचं तुम्हाला.”